दुआ आणि दवा

आमच्या उमापुरात दुखणे आले की माणूस दोन्ही वाटा धरतो. एक वाट दर्ग्याकडे किंवा देवळाकडे जाते, दुसरी गेवराईला, बीडला, नाहीतर थेट अहिल्यानगरच्या बूथ हॉस्पिटलकडे. हे हॉस्पिटल मुक्तिफौज या ख्रिस्ती संस्थेचे. दुआ आणि दवा यांचे नाते महाराष्ट्राच्या ख्रिस्ती जीवनात कसे जुळले, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मी मुसलमान. हजरत ईसा आमच्याही श्रद्धेचा भाग आहेत. अल्लाहच्या हुकुमाने ते जन्मांधाला दृष्टी देत आणि कुष्ठरोग्याला बरे करीत, असा उल्लेख कुरआनात सुरे आल-इमरानमध्ये आहे. त्यामुळे बायबलातल्या या कथा मला कधी परक्या वाटल्या नाहीत.

संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात नऊ कृपादाने सांगितली आहेत. त्यांत विश्वास आहे आणि रोग बरे करणेही आहे. आता विश्वास तर प्रत्येक भाविकाकडे असतो, मग तो वेगळा का मोजला? अभ्यासकांच्या मते हा विश्वास म्हणजे अशक्य वाटणारे काम अंगावर घेण्याचे बळ. बरे करण्याच्या दानासाठी मूळ ग्रीक भाषेत अनेकवचन वापरले आहे. मला त्याचा अर्थ असा लागतो की, बरे करण्याच्या रीती अनेक. आणि ही सारी दाने मिळतात ती सर्वांच्या हितासाठी, कुणाच्या मोठेपणासाठी नव्हे, असेही पौल तिथेच बजावतो.

पहिल्या दानाचे उदाहरण दौंडजवळच्या केडगावात सापडते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि मुक्तिसदनाची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज अन्न घालायचे, पण हाताशी कायमचा निधी नाही. देव देईल, या भरवशावर बाईंनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. 1905 च्या जून महिन्यात तिथे प्रार्थनेची जी लाट उठली, तिची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. मुली रात्र रात्र प्रार्थना करीत, रडत, अनोळखी भाषांत बोलत. त्या लाटेची चर्चा फार झाली. मला मात्र तिथल्या बर्तमी सदनाचे अधिक वाटते. येशूने ज्याला दृष्टी दिली त्या आंधळ्या बर्तमीचे नाव या अंध स्त्रियांच्या घराला दिले होते. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई परदेशातून ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी ती या स्त्रियांना शिकवली. डोळे उघडले नाहीत, पण बोटांना अक्षरे दिसू लागली. हेही बरे करणेच नव्हे काय?

दुसरे दान पाहायला मिरजेला जावे लागेल. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. 1894 मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उघडले. मोतीबिंदूची असंख्य ऑपरेशने तिथे झाली, कुष्ठरोग्यांचीही सोय झाली. कुरआनात आणि बायबलात ज्या दोन रोग्यांची नावे एकत्र येतात, तेच हे दोघे! ऑपरेशनला हात घालण्यापूर्वी वानलेस प्रार्थना करीत. मात्र प्रार्थना केली म्हणून हत्यारे उकळून घेणे त्यांनी कधी टाळले नाही. आपल्यापुरते न ठेवता हे ज्ञान त्यांनी इथल्या तरुणांनाही शिकवले. त्याच मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे. दर्ग्यातून निघालेला रुग्ण वानलेसच्या दवाखान्यात जाई आणि दवाखान्यातून बरा झालेला दर्ग्यात चादर चढवी. त्यात कुणाला विसंगती वाटली नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. आजही कुणी हात ठेवून रोग घालवण्याचा दावा करतो आणि औषध थांबवायला सांगतो. असे लोक सर्वच धर्मांत आहेत. साप चावल्यावर दवाखाना सोडून मंत्राच्या मागे लागल्यामुळे आपल्या खेड्यांत किती जीव गेले! महाराष्ट्रात 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे गुन्हा ठरवले. हा कायदा श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. वानलेस यांना या कायद्याची भीती वाटली नसती.

दुआ माणसाला धीर देते. रात्री उशाशी बसणाऱ्याला जागे राहण्याचे बळ देते. आमच्याकडे म्हणतात, शिफा अल्लाहच्या हाती. पण ती पोहोचवायला त्याला माणसाचेच हात लागतात. कधी ते ब्रेल शिकवणाऱ्या बाईचे असतात, कधी चाकू धरणाऱ्या डॉक्टरचे. खऱ्या कृपादानाची खूण एवढीच, की ते रोग्याला दवाखान्याच्या वाटेवर कधी अडवीत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)