भुलाबाई, सुवा आणि जगाचा कान

१९०३ साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज या खेड्यात सेसिल शार्प नावाचा संगीतशिक्षक आपल्या पाद्री मित्राच्या घरी उतरला होता. बागेत गवत कापणारा माळी कामाच्या लयीत एक जुने गाणे म्हणत होता. शार्पने वही काढली आणि ती चाल तिथल्या तिथे उतरवून घेतली. माळ्याचे नाव जॉन इंग्लंड होते, हा एक गमतीचा योगायोग! पुढे शार्पने अशा सुमारे पाच हजार चाली गोळा केल्या. दुसऱ्याच वर्षी, १९०४च्या उन्हाळ्यात, हंगेरीचा तरुण संगीतकार बेला बार्टोक याला शेजारच्या खोलीत मूल सांभाळणाऱ्या लिडी डोशा या मुलीचे गाणे ऐकू आले. त्या गाण्याने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. १९०६पासून तो आणि त्याचा मित्र कोडाई फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरू लागले.

जगभरच्या लोकसंगीताच्या शोधात अशा प्रसंगांचे मोल मोठे आहे. गाणारी माणसे घरकाम आणि बागकाम करणारी होती, आणि गाणे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होते. नवा होता तो ऐकणाऱ्याचा कान.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याचा या गोष्टीशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध आहे, आणि तो अगदी अंगणातला आहे.

१७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगढात आल्या. १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले आणि १८५४मध्ये हे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने १९५६पर्यंत रायपूरचे तोंड नागपूरकडेच राहिले. फौज, कचेरी, वकिली, रेल्वे, शाळा अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे इकडे येत राहिली. त्यांच्याबरोबर गणपती आला, कीर्तन आले, जात्यावरची ओवी आली आणि विदर्भाची भुलाबाईही आली.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, आणि मग झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो. भुलाबाई म्हणजे भिल्लीण झालेली पार्वती. सासर-माहेरचे सगळे रुसवेफुगवे त्या गाण्यांत येतात. ही गाणी संपतात न संपतात तोच दिवाळीच्या दिवसांत छत्तीसगढी स्त्रिया टोपलीत धान भरून, त्यावर मातीचा राघू ठेवून दारोदार येतात. टोपली मधोमध ठेवून, कमरेत वाकून, टाळ्यांच्या ठेक्यावर त्या गोल फिरतात. ही सुवा गीते. बाईने आपले मनातले दुःख राघूला सांगायचे आणि त्याने ते दूर पोहोचवायचे. याच दिवसांत शिवपार्वतीच्या, म्हणजे गौरा-गौरीच्या, लग्नाचा सोहळाही होतो. इकडे मातीची पार्वती, तिकडे मातीचा राघू. दोन्हीकडे सासुरवाशिणीचे मन. एवढे साम्य असूनही मराठी घराने सुवा गाणाऱ्यांच्या पदरात सूपभर तांदूळ घातला आणि दार लावून घेतले, असेच बहुधा घडले. त्यात तुच्छता होती असे नाही. ते गाणे लिहून ठेवण्याजोगे आहे, असे कोणाच्या मनातच आले नाही.

ज्यांच्या मनात आले ते थोडे होते. शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ व्हेरिअर एल्विन यांच्यासह १९३२पासून मंडला जिल्ह्यात, गोंडांमध्ये राहिले. दोघांनी मिळून मैकल डोंगरांतील गाण्यांचा संग्रह १९४४मध्ये प्रसिद्ध केला. बाना वाजवून गोंड राजांच्या कथा गाणाऱ्या परधानांवर हिवाळ्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एल्विन यांचा छत्तीसगढी लोकगीतांचा संग्रह १९४६चा. ही गाणी मुख्यतः इंग्रजी अनुवादातून जगापुढे गेली. शब्द पोहोचले, पण सूर मागे राहिले. सुरांचा धागा कुमार गंधर्वांनी उचलला, तोही दूर देवासला. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या या गायकाच्या कानी आसपासच्या बायकांची माळवी गाणी पडत, आणि त्यांतून पुढे त्यांचे धुनउगम राग जन्माला आले.

रायपूरची खरी कथा मात्र हबीब तन्वीर यांची. १९२३मध्ये रायपूरला जन्मलेल्या तन्वीरांचे शिक्षण इथल्या लॉरी म्युनिसिपल हायस्कुलात आणि नंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. नाट्यशिक्षणासाठी ते लंडनला गेले, युरोपभर हिंडले, बर्लिनला ब्रेख्तच्या मंडळीचे प्रयोग पाहिले. १९५८मध्ये ते घरी आले, तेव्हा ते ज्या शाळेत शिकले तिच्याच मैदानात रात्रभर चाललेला नाचा त्यांनी पाहिला आणि सहा कलावंतांना घेऊन ते दिल्लीला गेले. तरीही त्या कलावंतांना नाटकातही त्यांच्याच छत्तीसगढीत बोलू द्यावे, हे उमगायला पुढे दहा-बारा वर्षे लागली. तोवर हिंदी संवादांत ती गुणी माणसे अडखळतच होती. १९७५च्या 'चरणदास चोर'मध्ये छत्तीसगढी बोली आणि पंथी गीते मोकळी झाली, आणि १९८२मध्ये याच नाटकाला एडिनबरोच्या महोत्सवात फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. मातृभाषेच्या शाळेला या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

इकडे मराठी घरातले गाणेही निसटत होते. विजेची गिरणी आली, जाते माळ्यावर गेले आणि ओवीचे कामच संपले. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणारीचे नाव आणि तिचे गाव यांची नोंद ठेवली, आणि पुढे आवाजही ध्वनिमुद्रित केले. त्यांतल्या कितीतरी ओव्या दूर दिलेल्या लेकीच्या आहेत. नागपूर-अमरावतीहून रायपूरला दिलेल्या लेकी इथल्या जात्यावर काय गात होत्या, त्यांच्या ओवीत महानदी आली का, धानाची शेते आली का, सुव्याचा राघू एखाद्या ओळीत येऊन बसला का, हे सांगू शकणाऱ्या आज्या आता नव्वदीच्या घरात आहेत.