चवदार तळ्याचा संयम

अहिंसा म्हणताच आम्हांस १९३० सालची दांडीयात्रा आठवते. परंतु तिच्या तीन वर्षे आधी महाड येथे घडलेला प्रसंगही आम्हां ज्ञातिबांधवांनी विसरता कामा नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करणारा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला. तथापि चवदार तळे प्रत्यक्षात बंदच राहिले.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले. लगेच, हे लोक देवळातही शिरणार, अशी कंडी पिकली आणि जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या चालविल्या. त्या प्रतिनिधींत निवृत्त सैनिकही होते. उलट प्रहाराचे बळ असतानाही बाबासाहेबांनी त्यांस आवरले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले व १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला.

दुर्बळाचे मौन म्हणजे अहिंसा नव्हे. समर्थाने आवरलेला हात म्हणजे अहिंसा. आणि लाठी ही हिंसा खरी, पण तहानलेल्यास जात विचारणे ही तिच्या आधीची हिंसा होय. ज्ञातीच्या संघटनेचा अभिमान बाळगताना आमच्या उंबरठ्यावर तो प्रश्न कोणासही विचारला जाऊ नये, एवढे व्रत प्रत्येक कुटुंबाने घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.