जोडाची कथा

नांगर ओढण्याची शक्ती बैलांच्या खांद्यांत होती, तोवर ती शक्ती नांगराशी जोडावी कशी, हा प्रश्न कोणाला मोठा वाटला नाही. बैलांच्या मानेवर जू, जुवाला शिवळा आणि जू व इसाड यांना एकत्र बांधणारा नाडा, एवढ्यावर काम भागत असे. इसाड बोटभर जाड झाली किंवा जू किंचित आखूड पडले, तर नाड्याचा एखादा वेढा कमीजास्त केला की झाले. शिवाय दोन्ही वस्तू घडविणारा सुतार गावातलाच. दोरी माणसाची चूक पोटात घालते. पोलाद ती घालीत नाही. शेतात यंत्र आले तेव्हा शेतकऱ्याला हा भेद प्रथम कळला, आणि ट्रॅक्टर व त्याची अवजारे यांमधील जोडाचा इतिहास तेथूनच सुरू झाला.

पहिल्या ट्रॅक्टरांनी बैलाची जागा घेतली, पण जोडणी मात्र जवळजवळ बैलाचीच ठेवली. मागे एक आकडा, आकड्याला नांगर. बैलाला नांगराचा फाळ दगडाला अडकल्याचे कळते आणि तो थांबतो. ट्रॅक्टरला ते कळत नसे. फाळ अडकला तरी मागची चाके फिरण्याचा हट्ट धरीत. मग पुढची चाके जमिनीवरून उचलली जाऊन सारे यंत्र मागे, चालकाच्या अंगावर उलटे. हलक्या ट्रॅक्टरांवर अशा अपघातांत अनेक शेतकऱ्यांचे प्राण गेले.

या दुखण्यावर उपाय शोधणारा हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १८८४ चा. १९०९ मध्ये त्याने स्वतः बांधलेले विमान स्वतः उडविले होते. पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई भासू लागली, तेव्हा १९१७ मध्ये आयर्लंडमधील ट्रॅक्टरांच्या नांगरटीची पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे आले. शेतोशेत हिंडताना त्याच्या ध्यानात आले की, दोष एकट्या ट्रॅक्टरात नाही आणि एकट्या नांगरातही नाही. दोष आहे तो त्या दोहोंच्या मधल्या जागेत.

त्याने नांगर आकड्याला न लटकविता तीन दांड्यांनी ट्रॅक्टरशी जखडला: खाली दोन, वर एक. खालच्या दांड्या उचलण्याचे काम त्याने तेलाच्या दाबाकडे सोपविले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितले होते, आणि १७९५ मध्ये जोसेफ ब्रॅमाने त्यावर आपला दाबयंत्राचा शोध उभारला होता. फर्ग्युसनने तेच तत्त्व नांगरटीत आणले. फाळावर ओढ वाढली की वरच्या दांडीमार्फत तिची वर्दी तेलाच्या झडपेला मिळे आणि नांगर आपोआप किंचित वर येई. फाळ अडकला तर तीच वरची दांडी ट्रॅक्टरचे तोंड वर उचलू देत नसे. जोड बदलला आणि चालकाच्या डोक्यावरचे संकट टळले.

१९३८ च्या ऑक्टोबरात फर्ग्युसनने ही करामत अमेरिकेत हेन्री फोर्डला दाखविली. करार झाला तो केवळ हस्तांदोलनाने. कागदावर एक अक्षर नाही. १९३९ मध्ये त्यांचा संयुक्त ट्रॅक्टर बाजारात आला. पण फोर्डच्या नातवाच्या हाती कारभार गेल्यावर १९४७ मध्ये हे नाते तुटले. पुढच्या वर्षी फर्ग्युसनने दावा लावला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर घेऊन तो मिटला. नांगर आणि ट्रॅक्टर पक्के जोडणाऱ्या माणसाचा स्वतःचा व्यवहार मात्र असा सैल जोडलेला होता.

तीन दांड्यांचा जोड पुढे सर्वमान्य झाला, परंतु तेवढ्याने कथा संपली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाला ट्रॅक्टरच्या बाहेर जावे लागले. मागे ओढल्या जाणाऱ्या अवजारावर स्वतंत्र सिलिंडर बसला, आणि त्याला तेल पोहोचविण्यासाठी रबरी नळ्या आल्या. अवजार सोडताना नळीही सोडावी लागणार. मग तेल मातीत सांडू नये यासाठी झटपट जुळणारे व सुटणारे कपलिंग घडविण्यात आले. त्याचे दोन भाग, कारागिरांच्या भाषेत नर आणि मादी. मादी ट्रॅक्टरवर, नर नळीच्या टोकाला. दोहोंच्या पोटात एकेक झडप असते. नर आत सारला की पोलादी गोळ्या त्याच्या खाचेत बसतात आणि दोन्ही झडपा एकमेकींना ढकलून वाट मोकळी करतात.

खाच थोडी पुढेमागे असली, तर नर बसतच नाही. बसला आणि झडप पुरती उघडली नाही, तर पंचाईत अधिक मोठी. तेल जाते पण परत येत नाही. अवजार उचलले जाते आणि खाली येण्याचे नाव घेत नाही. वेगवेगळ्या कारखान्यांनी आपापल्या मापाची कपलिंगे काढली, आणि एका रंगाचा ट्रॅक्टर व दुसऱ्या रंगाचे अवजार घेणाऱ्या शेतकऱ्याला ऐन पेरणीत या भांडणाचा खर्च सोसावा लागला.

भांडण केवळ कपलिंगाच्या तोंडाचे नव्हते, त्याच्या आट्यांचेही होते. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचा कोन ५५ अंशांचा ठरविला. १८६४ मध्ये अमेरिकेच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धात दोन मित्रराष्ट्रांचे बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा बाबेलच्या मनोऱ्यावरील गवंड्यांची आठवण व्हावी, अशी स्थिती झाली. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी बोल्टच्या आट्यांबाबत समेट केला. नळ्यांचे आटे मात्र निराळेच राहिले. अर्ध्या इंची नळीच्या ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही प्रकारांत इंचाला १४ आटे असतात. म्हणून ते एकमेकांत फिरतात, घट्ट झाल्यासारखेही भासतात, आणि दाब चढताच गळू लागतात.

१९४७ मध्ये कार्य सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अखेर शेतीच्या कपलिंगांसाठी माप ठरवून दिले. आयएसओ ५६७५ हे ते मानक. आयएसओ ७२४१ या दुसऱ्या मानकातील ‘अ’ मालिकेचे अर्ध्या इंचाचे कपलिंग त्याच्याशी जुळते. ‘ब’ मालिकेचे मात्र दिसायला त्याचे भावंड असूनही जुळत नाही. म्हणून नुसत्या नजरेने कपलिंग घेऊ नये. मानकाचा क्रमांक आणि आटे, दोन्ही पाहून घ्यावे.

आज बेळगाव, कोल्हापूर वा मराठवाड्याच्या शिवारात ट्रॅक्टरमागे हायड्रॉलिक पलटी नांगर किंवा जॅकवर उचलणारी ट्रॉली दिसते, तिच्या नळीच्या टोकाशी हा सारा इतिहास हाताच्या मुठीत मावेल एवढा होऊन बसलेला असतो. त्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ते दोनशे किलोपर्यंत दाब असू शकतो. गळती बोटाने चाचपणाऱ्याच्या कातडीत तेलाची बारीक धार सुईसारखी शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागतो. गळती पाहावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून. नळी सोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून दाब उतरवावा, आणि कपलिंगाच्या तोंडावरची धूळ पुसून त्याला टोपण घालावे.

शक्ती शोधून काढणाऱ्यांची नावे इतिहास आवर्जून सांगतो. ती शक्ती कामाशी जुळावी म्हणून एका मापावर एकमत घडवून आणणारी माणसे बहुधा अनामिक राहतात. तथापि पेरणीची वाफ साधली असताना नळी पहिल्याच झटक्यात बसली आणि ट्रॅक्टर तासाला लागला, तर त्या शेतकऱ्याचा दिवस वाचविला तो त्यांनीच.