धूळमाइट

धूळमाइट हे घरातील धुळीत राहणारे, अष्टपाद वर्गातील सूक्ष्म प्राणी होत. ते कीटक नसून कोळी व गोचीड यांचे आप्त आहेत. त्यांची लांबी सुमारे ०.२ ते ०.३ मिमी. असल्याने ते नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाहीत. डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस, डर्मॅटोफॅगॉइडिस फारिनी आणि उष्ण प्रदेशांतील ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस या त्यांच्या प्रमुख जाती होत.

अधिवास

माणसाच्या त्वचेचा गळालेला कोंडा हे त्यांचे मुख्य अन्न; त्यामुळे गाद्या, उशा व गोधड्यांत त्यांची वस्ती अधिक असते. ते पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शोषून घेतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिल्यास ते शुष्क होऊन मरतात. रायगड जिल्ह्याच्या उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या किनारी भागात जून ते सप्टेंबर या काळात हवा अतिशय दमट असते आणि अंथरुणांना ऊन देता येत नाही. ही स्थिती त्यांच्या वाढीस पोषक ठरते.

ॲलर्जी

धूळमाइट चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतील व मृत शरीरांतील प्रथिने श्वासावाटे आत गेल्याने संवेदनशील व्यक्तींना ॲलर्जी होते. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी घरातील धुळीच्या ॲलर्जीचा या प्राण्यांशी असलेला संबंध दाखवून दिला. सकाळी उठताच येणाऱ्या शिंका, नाक गळणे वा चोंदणे व डोळ्यांची खाज ही नेहमीची लक्षणे होत. काहींना दमा होतो किंवा असलेला दमा बळावतो. निदान त्वचाचाचणीने किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई प्रतिपिंडे मोजून करतात.

प्रतिबंध व उपचार

पावसाळा सरल्यावर गाद्यांना कडक ऊन देण्याची कोकणातील रीत उपयुक्त आहे. उष्णता व कोरडेपणा यांमुळे बरेच माइट मरतात. मात्र ते मेल्यावरही ॲलर्जीकारक प्रथिने गादीतच राहतात. म्हणून गाद्या घराबाहेर झटकाव्यात व हे काम रुग्णाने करू नये. चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात व प्रथिनेही बऱ्याच अंशी निघून जातात. गादी व उशीला घट्ट विणीची, धूळरोधक खोळ घालावी. कोरड्या झाडूने धूळ हवेत उडते; ओल्या फडक्याने पुसणे अधिक चांगले.

वैद्यकीय सल्ल्याने हिस्टामिनरोधक औषधे, नाकात मारावयाचे स्टेरॉइडयुक्त फवारे व निवडक रुग्णांत प्रतिरक्षा-उपचार वापरतात. दम्याच्या रुग्णाने केवळ स्वच्छतेवर विसंबून नियमित औषध बंद करू नये.