आफ्रिकेचा निवेदक कोण?

१९६३ साली ससेक्स विद्यापीठातील व्याख्यानांत ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी आफ्रिकेला सांगण्याजोगा इतिहास नाही, आहे तो तेथील युरोपियनांचा, असे प्रतिपादन केले. ही व्याख्याने बीबीसीने दूरचित्रवाणीवर दाखवली होती.

त्याच पडद्यावर सविस्तर उत्तर यायला दोन दशके लागली. १९८४ मध्ये बेसिल डेव्हिडसन यांची आठ भागांची 'आफ्रिका' मालिका आली. ग्रेट झिम्बाब्वेच्या भिंती प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. निवेदक मात्र ब्रिटिशच. १९८६ मध्ये केनियात जन्मलेले अली मझरुई स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. स्थानिक, इस्लामी आणि पाश्चात्त्य अशा तिहेरी वारशाची ही नऊ भागांची मांडणी अमेरिकेत अनेकांना झोंबली. तिला अनुदान देणाऱ्या सरकारी मानव्यविद्या निधीच्या अध्यक्षा लिन चेनी यांनी श्रेयनामावलीतून संस्थेचे नावच काढायला लावले.

आपण वर्गात चित्रफीत लावतो ती बहुधा निव्वळ 'माहिती' म्हणून. निवेदकाचा आवाज हीही एक संहिता असते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना तरी सांगावे लागू नये, पण लागते. एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवावा, विद्यार्थ्यांकडून त्याचे निवेदन लिहून घ्यावे आणि मग मझरुईंना बोलू द्यावे.