आयसेलिनचा मॅटिनी शो

ऑगस्ट २००६ मधली गोष्ट. आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आली होती. आमचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट, बाहेर रणरणतं ऊन, आणि चालत जाण्यासारखं ठिकाण म्हणजे एकच, ओक ट्री रोड. तिथली साड्यांची दुकानं बघून झाली, "इथे दोडकी मिळतात की!" हे आश्चर्यही चार वेळा व्यक्त करून झालं. तेव्हा करण जोहरचा नवा सिनेमा लागतोय म्हटल्यावर आईच आधी तयार झाली. शुक्रवारी, ११ तारखेला 'कभी अलविदा ना कहना' प्रदर्शित झाला आणि शनिवारी दुपारी आम्ही तिघं नि आमच्या मजल्यावरचं एक मराठी जोडपं असे पाच जण थिएटरच्या रांगेत उभे होतो.

मायदेशी एक समज आहे, की परदेशातल्या लोकांना हिंदी सिनेमातलं काहीही चालतं. शाहरुखने हात पसरले की डॉलर पडतात! आकडे बघितले तर समज चुकीचाही म्हणता येत नाही. ह्या सिनेमाने भारतात भरपूर शिव्या खाल्ल्या, 'विवाहबाह्य संबंधांचं उदात्तीकरण' वगैरे, पण परदेशात तोवरच्या कुठल्याही हिंदी सिनेमापेक्षा जास्त धंदा केला. तेव्हा निष्कर्ष सोपा होता: एनआरआय मंडळी पुढारलेली, त्यांना हे पटलं. मी त्या गर्दीत बसलो होतो. पटलं वगैरे काही नव्हतं.

आधी आमच्या गावाबद्दल थोडंसं. आयसेलिन हा न्यू जर्सीतल्या वुडब्रिज टाउनशिपचा एक भाग. एका बाजूने गार्डन स्टेट पार्कवे जातो, दुसरीकडे मेट्रोपार्कचं स्टेशन, तिथून गाडी पकडली की पाऊण तासाच्या आसपास मॅनहॅटन. ओक ट्री रोड आयसेलिनमधून निघून शेजारच्या एडिसनमध्ये शिरतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ह्या रस्त्यावर एकेक भारतीय दुकान येत गेलं आणि नव्वदच्या दशकात अख्खा रस्ताच आपला झाला. इथे दोन पिढ्या राहतात, आणि त्यांच्यातला फरक वयाचा नाही, कागदांचा आहे. पहिली पिढी १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली, डॉक्टर नि इंजिनियर, जिला ग्रीन कार्ड फारशी वाट न बघता मिळालं. दुसरी आमची, १९९०च्या कायद्याने जन्माला घातलेल्या एच-१बी व्हिसावाल्यांची. आम्ही रांगेतले. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पहिल्या पिढीने सिनेमे कसे बघितले ते त्यांच्याकडूनच ऐकावं. कुणीतरी शाळेचं सभागृह भाड्याने घ्यायचं, रविवारी रीळं आणायची, मध्यंतरात घरून आणलेले सामोसे. मग व्हिडिओ कॅसेटी आल्या, किराणा दुकानात डाळीच्या पोत्यांशेजारी भाड्याने मिळायच्या. थिएटरात जाऊन, तिकीट काढून, आपल्या माणसांच्या गर्दीत बघणं हे १९९४च्या 'हम आपके हैं कौन'नंतर खऱ्या अर्थाने सुरू झालं. आणि लगेच, १९९५ला, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला.

त्या सिनेमाने आम्हांला एक गोष्ट सांगितली, जी पुढची दहा वर्षं प्रत्येक जण सांगत राहिला. तुम्ही देश सोडला असेल, पण देश तुमच्यात आहे. 'परदेस'ने १९९७ला, 'कभी खुशी कभी गम'ने २००१ला तेच सांगितलं. लंडनमध्ये राहून रोज पूजा करा, न्यूयॉर्कमध्ये राहून करवा चौथ करा, झालं. २००३च्या 'कल हो ना हो'पर्यंत आम्ही ही स्तुती मान डोलवत ऐकली. स्तुती कुणाला नको असते? घरापासून बारा हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाला तर ती औषधासारखी लागते.

आणि मग त्याच करण जोहरने, त्याच शाहरुखला घेऊन, त्याच न्यूयॉर्कमध्ये हा सिनेमा काढला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देव फुटबॉलपटू, अपघातात पाय गेला, आता कडवट झालेला. त्याची बायको रिया फॅशन मासिकात वर चढत चाललेली. माया शाळेत शिकवते, नवरा ऋषी हसरा, प्रेमळ, काही म्हणजे काही खोट नाही त्याच्यात. देव आणि माया एकमेकांची लग्नं वाचवायला म्हणून भेटू लागतात आणि प्रेमात पडतात. शंकर-एहसान-लॉय यांची गाणी, जावेद अख्तर यांचे शब्द, सगळा थाट प्रेमकथेचा. पण इथे खलनायक नाही, आडवा येणारा बाप नाही, आणि शेवटी कुणी पश्चात्ताप पावून घरी परतत नाही. दोन्ही लग्नं मोडतात, ती मोडलेलीच राहतात.

मध्यंतरापर्यंत थिएटरात जत्रा होती. अमिताभने रंगेल म्हाताऱ्याचं काम केलंय, त्याच्या प्रत्येक एंट्रीला शिट्ट्या. नाचाच्या गाण्यांना मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं उभी. मॅनहॅटन दिसलं की "अरे, माझं ऑफिस त्याच्या मागेच!" असं कुणीतरी शेजारच्याला सांगायचं. मध्यंतरात चहा-सामोशाला ही रांग.

उत्तरार्धात देव-माया हॉटेलात जातात. तिथे आवाज बदलला. आधी खोकले सुरू झाले. मग अचानक बऱ्याच मुलांना एकदम तहान लागली, आया त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या. आमच्या पुढच्या रांगेतले एक गुजराथी काका मोठ्याने "आ शुं छे?" म्हणाले, आणि त्यावर जो हशा झाला तो सुटकेचा होता, विनोदाचा नाही. एक जोडपं उठून गेलं ते परत आलं नाही. पण सगळ्यांत विचित्र गोष्ट मी नंतर टिपली. पडद्यावर नवरा-बायको भांडत असताना थिएटरातले नवरे-बायको एकमेकांकडे बघत नव्हते. पूर्वार्धात जो तो शेजारी वळून काहीतरी बोलत होता. आता सगळ्या माना सरळ.

मग तो प्रसंग. सासरा मरणाच्या दारात आहे, त्याला सगळं कळलंय, आणि तो सुनेला सांगतो की तू माझ्या मुलाला सोड. प्रेम नसताना राहून तू दोघांचंही नुकसान करते आहेस. हॉलमध्ये चिडीचूप. आणि माझ्या शेजारून आई, हळूच पण चार खुर्च्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, "अमिताभ शहाणा झाला की रे म्हातारपणी."

तिला 'सिलसिला' आठवला होता! १९८१चा, यश चोप्रांचा. त्यात हाच अमिताभ लग्नाच्या बायकोला सोडून रेखाकडे जातो आणि शेवटी मुकाट घरी येतो, रेखाही आपल्या नवऱ्याकडे. तेव्हा तो फारसा चालला नव्हता. आज त्याची गाणी सगळ्यांना पाठ आहेत. गीतकार म्हणून जावेद अख्तर यांचा तो पहिला सिनेमा. म्हणजे पंचवीस वर्षांनी तोच गीतकार, तोच नट, आणि तोच प्रश्न. फक्त नट आता खाटेवर पडून उलटं उत्तर देत होता.

खरं तर मराठी माणसाला हा प्रश्न त्याहून जुना. १९३७ साली प्रभातने 'कुंकू' काढला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून, व्ही. शांतारामांचं दिग्दर्शन. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. शांता आपट्यांनी ती भूमिका केली, गायलीही. तिथेही गाणी होती, आणि तिथेही शेवटी म्हातारा काकासाहेब स्वतः मरून तिला मोकळं करतो. मला हे जुळणं फार बोलकं वाटतं. आपल्याकडे बाईला लग्नातून बाहेर पडायचं तर कुणीतरी वडीलधाऱ्याने परवानगी द्यायला लागते, आणि देऊन वर मरायलाही लागतं. नीरा निदान पहिल्या दिवसापासून स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हणत होती. सत्तर वर्षांनंतरच्या न्यूयॉर्कमधल्या मायाला तेही धड जमत नाही.

असो. सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये एरवी होते तशी गाणी गुणगुणत गर्दी झाली नाही. गाड्यांची दारं पटापट लागली. आम्ही पाच जण डोसा खायला गेलो. आमच्या शेजाऱ्याचं एकच पालुपद: "पण कारण काय? तो मारत नाही, पीत नाही, कमावतो, हसवतो. मग कारण काय?" मीही त्याच्याच बाजूने होतो, हे कबूल करतो. आम्ही दोघांनी सांबार गार होईपर्यंत ऋषीची वकिली केली. दोघी बायका डोसा खात होत्या.

'कारण काय' हा प्रश्न, गंमत म्हणजे, तेव्हा कायदाही विचारत होता. त्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट हवा असेल तर आधी अठरा महिने वेगळं राहावं लागे. 'पटत नाही' एवढं कारण पुरेसं झालं ते जानेवारी २००७ पासून. सिनेमा जिथे घडतो त्या न्यूयॉर्क राज्यात तर दोष सिद्ध करा, नाहीतर रीतसर विभक्त होऊन वर्षभर थांबा, असा नियम होता. तो २०१०ला बदलला, आणि बदलणारं ते अमेरिकेतलं शेवटचं राज्य. अजून पुढचं ऐका. देव आणि मायाने जे केलं तो न्यूयॉर्कमध्ये चक्क गुन्हा होता, १९०७च्या कायद्याने, तीन महिन्यांपर्यंत कैदेचा! तो कायदा रद्द झाला नोव्हेंबर २०२४ मध्ये. आपल्याकडचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे सहा वर्षं आधीच, मोडीत काढलं होतं. पुढारलेलं कोण नि मागासलेलं कोण, ह्याचा हिशोब असा गुंतागुंतीचा आहे.

पण कायद्याचं हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की बायको गप्प आहे.

आई मागच्या सीटवर पेंगायला लागली तशी बायको म्हणाली, "तुम्ही दोघं कारण शोधत होतात. मी वेगळंच बघत होते. त्या मायाला शाळेत नोकरी आहे."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, मग?

"मग काय? तिला बाहेर पडून भाडं भरता येईल. त्या सिनेमात कुणालाच व्हिसा नाहीये. आपण बसलो होतो त्या रांगेत सगळ्याच एच-४ होत्या."

एच-४ म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकोचा (किंवा नवऱ्याचा, पण बहुतेक बायकोचाच) व्हिसा. त्यावर नोकरी करता येत नसे. अनेक राज्यांत सोशल सिक्युरिटी नंबर नसल्याने साध्या साध्या गोष्टी अडत. आणि घटस्फोट झाला की तो व्हिसा संपतो, कारण तो उभाच असतो लग्नावर. माझी बायको मायक्रोबायोलॉजीत एम. एस्सी., पुण्यात तीन वर्षं औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलेली. इथे आल्यापासून ती लायब्ररीतून पुस्तकं आणत होती आणि माझे डबे भरत होती. ती दुःखी होती असं नाही. आमचं पटतही होतं. पण 'पटतं म्हणून राहते' आणि 'राहावं लागतं म्हणून पटतं' ह्यातलं आपलं कोणतं, हे तिला स्वतःलाच तपासून बघता येत नव्हतं, आणि मला तर तो प्रश्न आहे हेच दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

घर येईपर्यंत मी काही बोललो नाही. काय बोलणार?

नंतर मी मुद्दाम विचारत गेलो तेव्हा जुन्या पिढीतल्या एका बाईंनी मला 'मानवी'बद्दल सांगितलं. दक्षिण आशियाई स्त्रियांना मदत करणारी ही संस्था न्यू जर्सीत १९८५ साली सुरू झाली, 'दिलवाले'च्या दहा वर्षं आधी. म्हणजे पडद्यावर आमची आरती ओवाळली जात होती तेव्हा ह्याच परिसरात काही बायका रात्री-अपरात्री फोन उचलत होत्या. ज्यांचा नवरा ऋषीसारखा नव्हता अशा बायकांचे फोन. ओक ट्री रोडवर हे माहीत नव्हतं असं नाही. बोललं जात नव्हतं.

म्हणून त्या उन्हाळ्यातल्या डॉलरच्या आकड्यांकडे बघून जे म्हणतात की परदेशस्थांना सिनेमा आवडला, त्यांना मला सांगावंसं वाटतं, की तिकिटं आम्ही आधीच काढलेली होती. शाहरुख, करण जोहर, न्यूयॉर्क, ह्या तीन शब्दांवर. काय दाखवणार आहेत ते माहीत नव्हतं. आवडलं की नाही हे तिकीटबारीला कळत नाही; ते गाडीत कळतं.

आमच्या शेजाऱ्यांचं काय झालं असं विचाराल, तर काही झालं नाही. २००९ मध्ये मंदीत त्याची नोकरी गेली, दोघं बंगळूरला परतले. तिकडे ती शाळेत शिकवते.

२६ मे २०१५ पासून काही एच-४ व्हिसाधारकांना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका ठराविक टप्प्यापर्यंत पोचलाय त्यांना, काम करायची परवानगी मिळू लागली. आमचा अर्ज त्या टप्प्यावर होता. बायकोने पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरला. कार्ड आलं, आणि अकरा वर्षांच्या खंडानंतर एका लॅबमध्ये ती सगळ्यांत खालच्या पदावर लागली, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलीच्या हाताखाली. पहिल्या पगाराच्या दिवशी मी विचारलं, काय करायचं? ती म्हणाली, बँकेत जाऊ, मला माझ्या एकटीच्या नावाचं खातं उघडायचंय.

मी गाडी काढली. बँकेतल्या माणसाने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, सर, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल.