ग्रहणाचं गणित आणि दुकानाचा क्रमांक

जळगाव-धुळ्यात छोटा धंदा करणारा माणूस आज वेबसाइट काढतो आणि आठवड्याभरात विचारतो, "गुगलवर आपलं दुकान वर कधी येणार?" या वर येण्याची कुळकथा सहसा कॅलिफोर्नियापासून सांगतात : स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये पानांची क्रमवारी लावणारी पेजरँक ही रीत मांडली आणि शोधयंत्रांचं जग पालटलं. ते बरोबरच आहे. पण पेजरँकच्या पोटात ज्या जातीचं गणित आहे, ते चाळीसगाव तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी शिकवलं जात होतं, आणि त्या शिकवणीच्या खर्चाला बाजारपेठेचा हातभार होता.

पुरावा त्याच तालुक्यातल्या पाटण इथल्या पाटणादेवीच्या शिलालेखात आहे. गौताळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेला हा लेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. सिद्धांतशिरोमणी हा आजोबांचा ग्रंथ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला 1207 साली, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि माझा जीव तिथेच अडकतो. पाटणच्या पेठेत जो माल येईल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिल्याचं तिथे कोरलं आहे. म्हणजे पेठेतल्या उलाढालीवर गणिताची शाळा चालत होती!

भास्कराचार्य स्वतः कुठले, हा वाद जुना आहे. ते आपल्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं म्हणतात. नावाच्या साम्यावरून अनेक पुस्तकांनी त्यांना विजापूरला नेऊन बसवलं. विजापूर सपाट मुलखात आहे, सह्याद्री तिथून कितीतरी लांब. मी पाटणच्या बाजूचा. लेख नातवाचा आहे, आजोबांच्या जन्माबद्दल तो काही सांगत नाही, हा विरोधकांचा मुद्दा मला मान्य आहे. पण डोंगर, घराणं आणि ग्रंथ एका जागी सापडत असताना नुसत्या नावाच्या उच्चारावर इतक्या दूर जाणं मला पटत नाही.

आता गणित. चंद्रग्रहण कधी लागेल आणि कधी सुटेल हे काढायचं तर त्या क्षणी चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचं त्याचं अंतर, माहीत हवं. पण तो शर क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून आधी क्षण माहीत हवा. एक काढायला दुसरं लागतं, दुसरं काढायला पहिलं. सिद्धांतकारांनी यातून वाट काढली ती असकृत् रीतीने : अंदाजाने एक वेळ धरायची, तिच्यावरून शर काढायचा, त्या शरावरून नवी वेळ, तिच्यावरून पुन्हा शर. उत्तर बदलायचं थांबेपर्यंत हे करत राहायचं. भास्कराचार्यांच्या आधीच्या ग्रंथांतही ही रीत आहे, पण 1150 च्या सिद्धांतशिरोमणीतून ती पाटणच्या मठात पोचली.

पेजरँकपुढचं कोडं याच घडणीचं होतं. एखाद्या पानाचं वजन किती? त्याच्याकडे दुवा देणाऱ्या पानांच्या वजनावर ठरणारं. आणि त्या पानांचं? त्यांना दुवा देणाऱ्यांवर अवलंबून. म्हणून सगळ्यांना आरंभी काहीतरी वजन द्यायचं आणि आकडे स्थिर होईपर्यंत फेऱ्या मारायच्या. मूळ निबंधात 32 कोटी 20 लाख दुव्यांचा हिशेब सुमारे 52 फेऱ्यांत स्थिरावल्याची नोंद आहे.

अभ्यासक पेजरँकची वंशावळ वेगळी मांडतात. फ्रँक शेपर्ड याने अमेरिकेत 1873 पासून वकिलांसाठी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापल्या : कोणत्या निकालाचा पुढच्या कोणत्या निकालात उल्लेख झाला ते दाखवणाऱ्या. तिथून ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानात आणली, 1955 मध्ये लेख लिहिला आणि 1964 मध्ये उद्धरणांची सूची काढली. कागदोपत्री हा धागा पक्का आहे, तो मी तोडत नाही. पण शेपर्डच्या चिठ्ठीत उल्लेख नुसता नोंदला जाई, उल्लेख करणाऱ्याचं वजन त्यात नव्हतं. ते 1976 मध्ये पिन्स्की आणि नारिन यांनी नियतकालिकांच्या क्रमवारीत आणलं, आणि आणताक्षणी त्यांना फेऱ्यांचं गणित घ्यावं लागलं. पाटणहून स्टॅनफर्डला कोणी पोथी नेली असं माझं म्हणणं नाही. परस्परांवर अवलंबून असलेली कोडी सोडवण्याची शिस्त खानदेशात अभ्यासक्रमाचा भाग होती, एवढं म्हणणं आहे, आणि तेवढ्यावर मी ठाम आहे.

उल्लेख करणाऱ्याच्या वजनाची ही गोष्ट समजली की दुकानदाराला पुढचं पटकन उमगतं. पानाच्या तळाशी "जळगाव केळी, जळगाव केळी" असं शंभरदा लिहून काही होत नाही, कारण ती स्वतःची स्वतःला साक्ष. विकत घेतलेले दुवेही चालत नाहीत. 2012 च्या पेंग्विन नावाच्या बदलात गुगलने अशा कितीतरी साइट्स खाली ढकलल्या. रावेरच्या केळी वेफर्सवाल्याला उपयोगाची साक्ष वेगळी आहे : ज्या कॉलेजच्या कार्यक्रमाला माल दिला त्या कॉलेजचं पान, व्यापारी संघटनेची सभासद यादी, स्थानिक दैनिकातली बातमी. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्या मालाबद्दल लिहिणारी पानं बरीच आहेत. त्यांतल्या एकाने नाव घेतलं तरी ते वजनदार.

नकाशावरच्या यादीत गुगल तीन गोष्टी बघतं : शोधलेल्या गोष्टीशी मेळ, ग्राहकापासूनचं अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. मेळ मात्र आहे, आणि धुळ्यात तो एका जुन्या कारणाने बिघडतो. इंग्रजी अमदानीपासून शहराचं नाव रोमन लिपीत धुलिया असंही लिहिलं जातं. एका यादीत धुळे, दुसऱ्यात धुलिया, तिसऱ्यात जुना फोन नंबर, असं झालं की तिन्ही नोंदी एकाच दुकानाच्या आहेत याची यंत्राला खात्री पटत नाही आणि मिळालेली साक्ष विखुरते. आधी सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता, एकच नंबर करून घ्यावा. दुव्यांच्या मागे त्यानंतर लागावं.